न्यायनिवाडे लोकांच्या हाती : एका प्रकाशनव्यवसायाचा धडा

गतवर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई शाळेत आली. हाती उच्च न्यायालयाच्या निकालाचे अकरा कागद होते. "गुरुजी, आम्ही जिंकलो की हरलो, एवढेच सांगा," त्या म्हणाल्या. खटला त्यांच्याच घराचा. परंतु निकाल इंग्रजीत. अपील अंशतः मंजूर झाले होते. 'अंशतः' म्हणजे किती, हे शोधण्यात माझी रात्र गेली. न्याय मिळणे आणि मिळालेला न्याय समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात सेंट पॉल या गावी जॉन वेस्ट नावाचा तरुण वकिलांना पुस्तके विकीत हिंडत असे. सरकारी निकालसंग्रह फार उशिरा निघतात, ही वकिलांची तक्रार त्याने ऐकली. १८७६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, भावाच्या साहाय्याने त्याने 'द सिलॅबाय' हे आठ पानी साप्ताहिक काढले. त्यात तेथील न्यायालयाच्या ताज्या निकालांचा सारांश असे. १८७९ साली शेजारच्या संस्थानांचेही निकाल घेतले आणि १८८७ पर्यंत सारा देश त्याच्या ग्रंथमालांत आला.

निकाल तर कोणाच्या मालकीचे नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते १८३४ सालीच सांगितले होते. मग वेस्टने विकले काय? वेळेवर पोहोचविणे, आरंभी थोडक्यात सार देणे आणि हवा तो निकाल चटकन सापडेल अशी सूची करणे. लोक मोल देत ते या श्रमाचे.

आपल्याकडेही १८७५ च्या कायद्यान्वये १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई व अलाहाबाद येथील उच्च न्यायालयांचे अधिकृत निकालसंग्रह निघू लागले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, न्यायालयाने मनाई केली नसल्यास निकाल कोणीही छापू शकतो. मात्र संपादकाने स्वबुद्धीने लिहिलेले टिपण त्याचे असते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला. म्हणून मूळ निकाल घ्यावा. दुसऱ्याचे सार उचलू नये.

आज कागदाची अडचण उरलेली नाही. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल संगणकावर विनामूल्य खुले केले असून कित्येकांचे मराठी अनुवादही मिळतात. अधिकृत मात्र इंग्रजी पाठच मानला जातो. आता उणीव आहे ती निवडून, समजावून सांगणाऱ्याची.

आपल्या वाचनालयाने हे काम लहान प्रमाणात आरंभिता येईल. घरभाडे, वारसा, पोटगी, अटक असे चार-पाच विषय घ्यावेत. प्रत्येक निकालासाठी एक पान ठेवावे : वाद काय होता, न्यायालयाने काय ठरविले, कारण कोणते, निकालाची तारीख आणि मूळ कोठे मिळेल. मजकूर वकिलाकडून तपासून घ्यावा आणि निकाल पुढे फिरविला गेल्यास त्याच पानावर तशी नोंद करावी. जुना निकाल चालू समजून कोणी कोर्टाची पायरी चढला, तर आपल्या उपकाराचा अपकार होईल. हे पान वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण वकिलाला काय विचारावे, एवढे तरी कळेल.

त्या माउलीचे अर्धे घर वाचले होते. ते तिला त्याच दिवशी समजावयास हवे होते.