घराची तपासणी : काय कळते, काय कळत नाही

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु आता पुष्कळ लोक घर बांधत नाहीत, बांधलेले घर विकत घेतात. बांधताना पाया दिसतो, विटा दिसतात, सिमेंट किती पडले तेही दिसते. विकतच्या घरात हे सारे झाकलेले असते. वरून ताजा रंग असतो. आणि आपण तर आयुष्यभराची पुंजी त्यात घालणार! म्हणून पैसे देण्याआधी घर तपासून घ्यावे.

तपासणी कोणी करावी? बांधकामाच्या इंजिनिअरने. त्याला आपण नेमावे आणि त्याची फी आपणच द्यावी. विकणाऱ्याने किंवा दलालाने आणलेला माणूस नको.

तो काय पाहतो? ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते पाहतो. गिलाव्यावर हळूच ठोकतो. बद्द आवाज आला, तर गिलावा आतून सुटला आहे असे समजतो. दाराची चौकट टोचून वाळवी शोधतो. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला ओल आहे का, गच्चीचे पाणी नीट वाहून जाते का, विजेला अर्थिंग आहे का, हेही पाहतो.

छताला तपकिरी डाग आणि सुटलेले पोपडे दिसले, की तो थांबतो. का बरे? काँक्रीटमधला लोखंडी गज गंजला की फुगतो आणि काँक्रीट फोडतो. वरून रंग दिला म्हणून हा रोग जात नाही.

भेगांचेही तसेच. केसासारखी बारीक भेग बहुधा गिलाव्यापुरती असते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली रुंद, तिरकी भेग पाया खचल्याची खूण असू शकते. पण ती वाढते आहे की थांबली आहे, हे एका भेटीत कळत नाही. त्यासाठी भेगेवर काचेची पट्टी आडवी पक्की बसवतात आणि काही आठवडे वाट पाहतात. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे.

म्हणजे तपासणीला मर्यादा आहेत. इंजिनिअर काही भिंत फोडून पाहत नाही. जमिनीतला पाया, भिंतीतले नळ, कपाटामागची ओल त्याला दिसत नाही. उन्हाळ्यात पाहिलेल्या घराची गळती पावसाळ्यातच कळते.

किल्लारीचे उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. तिथल्या पुष्कळ घरांच्या भिंती दगडमातीच्या, जाडजूड होत्या. बाहेरून भक्कम वाटत. परंतु भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादरा बसताच थर सुटले आणि छपरावरच्या मातीचा बोजा खाली आला. नुसत्या डोळ्यांना जाडी दिसते, बांधणी दिसत नाही.

मग 'कशाला हवी ही तपासणी?' असे कोणी म्हणेल. तसे नव्हे. वैद्य नाडी पाहतो आणि गरज वाटली तर रक्त तपासायला सांगतो. तसाच इंजिनिअरही शंका आली, तर काँक्रीटची यंत्राने चाचणी घ्यायला सांगतो. तिचा खर्च वेगळा. पण घराच्या किमतीपुढे तो थोडाच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. घर मजबूत आहे म्हणजे व्यवहार चोख आहे, असे नाही. मालक खरा कोण, घरावर कर्ज आहे का, हे इंजिनिअर सांगत नाही. ते काम वकिलाचे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका त्याला दाखवावी.

जुन्या सोसायटीत घर घ्यायचे असेल, तर इमारतीच्या तपासणीचा अहवाल मागावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. अहवाल नाही म्हणाले, तर आपण सावध व्हावे.

२०१६ च्या रेरा कायद्याने नव्या घराला थोडे संरक्षण दिले आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बांधणाऱ्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. जुने घर दुसऱ्याकडून घेणाराला बहुधा हा आधार उरत नाही. त्याने तर आधीच डोळे उघडे ठेवावेत.

अहवाल लेखी घ्यावा. काय पाहिले आणि काय पाहता आले नाही, ही दोन्ही त्यात लिहून घ्यावीत. मग तो स्वतः वाचावा. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर अंगठा उठवण्याचे दिवस गेले.

विचार करा :
१. गज गंजला की काँक्रीट का फुटते?
२. भेगेवर काच का बसवतात?
३. इंजिनिअर जे सांगू शकत नाही, अशा तीन गोष्टी लिहा.
४. आपल्या घराची एक भिंत नीट पाहा. काय दिसले ते चार ओळींत लिहा.