चार्ज घेण्याआधी वही वाच

चाकणला ड्युटी लागली, हे ताईने सांगितलं. आता मामाचं नीट ऐक. गार्डचे सुपरवायझर आणि सुपरवायझरचे सिक्युरिटी ऑफिसर झालेले मी जे जे पाहिले, त्यांच्यात उंचेपुरे होते तसे किरकोळही होते. पण प्रत्येकाला घडलेलं नीट लिहिता येत होतं. कंपनीचा मॅनेजर रात्री दोनला गेटवर नसतो. सकाळी तो तुझ्या वहीवरून निर्णय घेतो.

म्हणून शिफ्टच्या पंधरा मिनिटं आधी पोच आणि आधी ओबी, म्हणजे घटना वही, वाच. किल्ल्या मोज, कुठले गेटपास उघडे राहिलेत ते बघ, मग सही कर. आधीचा गार्ड घाईत असेल, ‘सगळं ओके आहे रे’ म्हणेल. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘ओके’ लिहू नकोस. लिहिताना वेळ, जागा, गाडीचा नंबर, कोणाला कळवलं आणि तो काय म्हणाला, एवढं आलंच पाहिजे. तू पाहिलेलं वेगळं लिही आणि कोणी सांगितलेलं वेगळं. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही कर, गिरवत बसू नकोस. मधे ओळ कोरी सोडलीस, तर तिथे उद्या दुसरा कोणी काहीही लिहील.

स्क्रॅपच्या गाडीचं उदाहरण घे, कारण एमआयडीसीत बराच माल तिथूनच चोरीला जातो. गाडी आधी रिकामी वजनकाट्यावर चढते, मग भरून. वजाबाकी होते तेवढ्याच मालाचे पैसे कंपनीला मिळतात. चोरी बऱ्याचदा रिकाम्या वजनात होते. क्लीनर केबिनमध्ये झोपलेला असतो, पाण्याचे कॅन भरलेले असतात, ताडपत्रीखाली दगड असतात. रिकामी गाडी जड दाखवली की तेवढा माल फुकटात बाहेर पडतो, कारण भरताना दगडही खाली आणि माणूसही खाली. हे पकडायला दंडुका लागत नाही. त्याच गाडीच्या मागच्या खेपांचं रिकामं वजन रजिस्टरला असलं की फरक लगेच दिसतो. दोन पानं मागे उलटणारा गार्ड साहेबांच्या लक्षात राहतो. गाडी थांबव, सगळ्यांना खाली उतरव, पुन्हा वजन घे आणि दोन्ही आकडे लिही. भांडू नकोस, आरोप करू नकोस.

आता ट्रेनिंगचं. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा 2005 चा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डला वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तास शिकवायचं, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत, असं आहे. माजी सैनिक आणि पोलिसांना 40 आणि 16 तास पुरतात. काही ठिकाणी दोन दिवस कवायत करून घेतात आणि सर्टिफिकेट हातात देतात. तू मात्र ट्रेनिंग मागून घे. आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, संशयास्पद वस्तू ओळखणं, एफआयआर कशी नोंदवतात, हे सगळं त्या अभ्यासक्रमात आहे आणि तो तुझा हक्क आहे. ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता यायला हवेत, हेही त्यातच येतं. रोज थोडं वाच.

कायद्यातलं एक कलम पक्कं ध्यानात ठेव. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40. तुझ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला, तर तू त्या माणसाला धरू शकतोस. पण विनाकारण वेळ न लावता, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. केबिनमध्ये कोंडून मारहाण करून कबुली घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. वरून कुणी तसं सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण, 112 ला फोन लाव आणि फोनची वेळ लिहून ठेव. बाईमाणसाची झडती महिला गार्डच घेईल, दुसरं कुणी नाही.

सीपीआर हातात बसेपर्यंत शीक. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब. प्लांटमध्ये कुणी कोसळला तर पहिला पोचणारा बहुधा गार्डच असतो, अँब्युलन्स नंतर येते. इलेक्ट्रिक पॅनलला आग लागली तर पाणी मारायचं नाही, सीओटूचा सिलिंडर घ्यायचा. राऊंडला जाताना सिलिंडरवरची तारीख आणि सील बघत जा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसलं जातं, ते विचारून घे. घटना घडली की त्याच दिवशी क्लिप काढून ठेवायला सांग.

वर जायची वाट अशी आहे: एका सुपरवायझरकडे 15 पेक्षा जास्त गार्ड नसावेत, असा नियम आहे. गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील, तर सहांमागे एक. म्हणजे सुपरवायझरच्या जागा निघत राहतात. ती जागा मिळाली की ड्युटी चार्ट आणि एक्सेल शीक. ऑफिसरच्या जागेला बहुतेक कंपन्या पदवी मागतात. ती नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेता येते. जोडीला फायरचा कोर्स केलास तर कारखान्यात तुझी किंमत वाढते.

आणि डबल ड्युटीची सवय लावून घेऊ नकोस. तू म्हणशील, मामा, घरी पैसे पाठवायचेत. मला ते कळतं. बहिणीचं लग्न असेल, पेरणी असेल, तेव्हा कर. पण महिना-महिना दोन-दोन शिफ्ट उभा राहिलेला मुलगा ना अभ्यास करतो, ना त्याचा रिपोर्ट धड येतो. मी अशी हुशार मुलं पाहिली आहेत. दहा वर्षांनीही ती त्याच गेटवर होती आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एजन्सी बदलताना अनुभवाचा दाखला, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि पगाराच्या स्लिपा घेऊनच नीघ. पीएफचा यूएएन नंबर तोच चालू ठेव, नोकरी सोडल्याची तारीख त्यात चढली का, ते बघ. मूळ कागद ताईकडे ठेव, खोलीवर फक्त झेरॉक्स.