विंडोज नव्याने टाकताय? आधी डी ड्राइव्हची किल्ली शोधा

व्हिडिओत हा मुद्दा मी घाईत सांगितला, म्हणून इथे नीट लिहितोय.

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला, म्हणून विंडोज नव्याने टाकायला दिला. "डेटा डीमध्ये आहे, फक्त सी फॉरमॅट करा," असं बजावलंही. आपण सगळे असंच सांगतो ना? काम झालं आणि बघतो तर डीवर कुलूप! ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागत होता. मेकॅनिक म्हणाला, "सर, डी पण फॉरमॅट मारू का?" समोर गिऱ्हाईक उभं. मी म्हणालो, "मारा."

दोन वर्षांची उधारी, बिलं, स्टॉक, सगळं गेलं. चार दिवसांनी तीच की माझ्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडली. पण आता उघडायचं काय?

असं का होतं?
हे कुलूप म्हणजे बिटलॉकर एन्क्रिप्शन. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होतं. डी रोज विनातक्रार उघडतो, कारण तो उघडायची किल्ली सीमध्ये ठेवलेली असते. सी पुसला की ती किल्लीही पुसली जाते. डीमधला डेटा मात्र जागेवरच असतो, फक्त वाचता येत नाही. खरं नुकसान होतं ते डी फॉरमॅट केल्यावर.

विंडोज टाकण्याआधी ही चार कामं करा
१. 'धिस पीसी' उघडा. ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसलं तर एन्क्रिप्शन आहे.
२. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बघा, कागदावर लिहा आणि गल्ल्यात नको, घरी ठेवा.
३. शक्य असेल तर डीचं बिटलॉकर बंद करा. वेळ लागतो, मध्येच थांबवू नका.
४. बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. डी म्हणजे बॅकअप नव्हे! त्याच डिस्कचा तो दुसरा कप्पा.

आणि कुलूप दिसलंच, तर 'फॉरमॅट'ला हात लावू नका. आधी की शोधा. घरातल्या सगळ्यांचे ईमेल तपासा, कारण पहिल्यांदा लॉगिन कोणी केलं होतं हे आपल्याला आठवत नसतं.

जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तिथे "कॉम्प्युटर फॉरमॅट झाला" हे कारण चालत नाही. उधारीवाल्याला मात्र ते छान चालतं!

आज दुकान बंद करण्याआधी पहिली दोन कामं उरका. दहा मिनिटं पुरतात.