विक्रेत्याचे मानसशास्त्र आणि ग्राहकशिक्षण

गावोगावी वस्तूंचे प्रात्यक्षिक करणारा विक्रेता बहुधा ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा शाळेची खोली मागतो. भाडे वाचते हे खरे. परंतु मोठा लाभ निराळाच असतो. पंचायतीच्या फलकाखाली मांडलेला माल पंचायतीने पारखला असावा, असा समज न सांगता पसरतो. विक्रेत्याला जागेपेक्षा संस्थेची पत हवी असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी विक्रेत्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिकाऊ म्हणून वावरून अशा युक्त्यांचा अभ्यास केला व १९८४ साली तो ग्रंथरूपाने मांडला. परतफेड, बांधिलकी, बहुजनांचे अनुकरण, आवड, अधिकार आणि दुर्मिळता अशी सहा सूत्रे त्यांनी सांगितली. २०१६ मध्ये ‘आपलेपणा’ हे सातवे त्यांत जोडले.

यांपैकी बांधिलकीचे सूत्र सर्वांत कमी ओळखले जाते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीडमन व फ्रेझर यांच्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील रहिवाशांना, वाहन जपून चालविण्याचा एक भला मोठा, बेढब फलक अंगणात लावू देण्याची विनंती करण्यात आली. सुमारे शेकडा १७ जणांनीच होकार दिला. मात्र ज्यांनी आधी त्याच विषयाची एक लहानशी पाटी लावण्याचे मान्य केले होते, त्यांच्यापैकी शेकडा ७६ जण राजी झाले. ‘नुसते नाव लिहून ठेवा, पैसे नंतर पाहू’ असे विक्रेता म्हणतो, तेव्हा तो अशीच लहान पाटी लावून घेत असतो.

ही सूत्रे मुळात वाईट नाहीत. शेजारणींनी बाळांना लस दिल्याचे सांगून मातेचे मन वळविणारी आशा सेविकाही अनुकरणाचेच सूत्र वापरते. सांगितलेले खरे आहे काय आणि नकाराला वाव आहे काय, एवढेच पाहावयाचे असते.

वर्गात हा विषय शिकविताना अडचण वेगळीच येते. सहा नावे पाठ होतात, गुणही मिळतात. पण पाठांतर दुकानात उपयोगी पडत नाही, कारण तेथे विचाराला वेळच दिला जात नाही. म्हणून एका विद्यार्थ्याला विक्रेता व दुसऱ्याला ग्राहक करावे, आणि नकार देणे कोणत्या वाक्यानंतर जड गेले ते इतरांना टिपावयास सांगावे. वृत्तपत्रातील जाहिरात घेऊन, भेटवस्तू वगळल्यास मूळ वस्तूचा शंभर ग्रॅमचा भाव किती पडतो, हे गणित घालावे. उत्तर पाहून मुलांना हसू येते. तेथे धडा पोहोचला असे समजावे.

मोबाईलवरील खरेदीत ‘केवळ दोनच नग शिल्लक’ ही सूचना दुर्मिळतेचा वापर करते. ती खोटी असल्यास नियमभंग ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार निर्दिष्ट केले असून ‘खोटी निकड’ हा त्यांतील एक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

सभागृह देण्यापूर्वी पंचायतीने विक्रेत्याचे नाव व पत्ता लेखी घ्यावा, प्रत्येक विक्रीची पावती देण्याची अट घालावी आणि ‘या मालाशी ग्रामपंचायतीचा संबंध नाही’ अशी पाटी दारावरच लावावी. सरपंचांनी किंवा गुरुजींनी पहिली खरेदी करू नये. विक्रेता प्रथम त्यांनाच आग्रह करील.