जोडीतला एक

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी, आरे वसाहतीतील म्हशींच्या गोठ्यांकडून येणारा ओल्या पेंढ्याचा वास आणि झाडांवरून ठिबकणारे रात्रीच्या पावसाचे पाणी यांच्या संगतीने मामा आणि त्यांची भाची फिरावयास निघाली असता, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत दोन झाडांमध्ये दोरी ताणून चार मुले बॅडमिंटन खेळत असलेली त्यांना दिसली. आणि ज्यांचे उमेदीचे आयुष्य या खेळाच्या पंचगिरीत गेले त्या मामांचे पाऊल साहजिकच तेथे अडखळले.

भाची : मामा, तो उंच मुलगा पाहा. सगळे फटके तोच मारतो आहे, जोडीदाराला शटलला हातही लावू देत नाही, आणि तरी हरतो आहे. असे का व्हावे?

मामा : तो दुहेरीच्या अंगणात एकेरी खेळतो आहे, म्हणून. एकेरीचे अंगण 17 फूट रुंद, दुहेरीचे 20 फूट, आणि लांबी दोहोंची 44 फूटच. म्हणजे खेळणारी माणसे दुप्पट झाली, पण जागा वाढली ती अवघी तीन फूट. अशा दाटीत एकाने सारे अंगण आपल्या हुकमतीखाली आणू म्हटले, तर फटका मारून तो सावरण्याआधीच शटल त्याच्या जोडीदाराच्या खांद्यावरून मागे पडलेले असते. शिवाय दुहेरीत सर्व्हिसची मागची हद्द अडीच फूट अलीकडे ओढलेली असते, त्यामुळे उंच सर्व्हिस करून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटण्याची सोय उरत नाही. सर्व्हिस जाळीला जवळजवळ स्पर्शून जावी लागते आणि पहिल्या क्षणापासून चौघेही एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे असतात.

भाची : मग दोघांनी उभे तरी कोठे राहावे?

मामा : चढाई करताना एकामागे एक, बचाव करताना शेजारी शेजारी. मागचा जोराचा फटका मारतो, पुढचा जाळीपाशी त्याचे फळ टिपतो. आणि शटल उंच उचलून देण्याची पाळी आली की दोघे तत्काळ बाजूला सरकून अर्धे अर्धे अंगण वाटून घेतात. ही अदलाबदल एका खेळीत चार-पाच वेळाही होते आणि तिच्यासाठी तोंडातून शब्द काढावयास सवड नसते. सर्वांत कठीण प्रश्न दोघांच्या बरोबर मधे येणाऱ्या शटलचा. दोघेही उजव्या हाताचे असतील, तर डावीकडे उभा असलेल्याचा सरळ हात मध्याकडे येतो, म्हणून सामान्यतः ते शटल त्याने घ्यावे असा संकेत आहे. पण वेगाच्या भरात हा संकेत पाळणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास दुसऱ्याच्या पानात वाढणे. आणि ते ज्याला मनापासून जमले त्यालाच मी दुहेरीचा खेळाडू म्हणतो.

भाची : मघाशी वाटेत तुम्ही प्रदीप गंधे यांचे नाव घेतलेत. ते असे खेळाडू होते?

मामा : होय. 1982 साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा आपल्या महाराष्ट्राचे प्रदीप श्रीकृष्ण गंधे आणि त्यांचे जोडीदार लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. इंडोनेशिया, चीन, मलेशिया ही दुहेरीची माहेरघरे ज्या स्पर्धेत उतरतात, तेथे हे पदक मिळविणे म्हणजे काय, हे आज सांगूनही पुरते कळणार नाही. त्या काळचे गुणांकनही निराळे होते. डाव 15 गुणांचा, गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच, आणि दुहेरीत डावाची सुरुवात वगळता प्रत्येक बाजूला दोन हात : एकाची सर्व्हिस गेली तरी जोडीदाराची शिल्लक. त्यामुळे फलक तसाच राही आणि माणसे घामाने निथळत. एकाने गमावलेले दुसऱ्याने राखावयाचे, हा त्या नियमाचाच आशय होता. 2006 मध्ये 21 गुणांची पद्धत आली, प्रत्येक खेळीला गुण मिळू लागला, आणि तो दुसरा हात नाहीसा झाला. मला त्याची अजून हळहळ वाटते.

भाची : पण त्या स्पर्धेतले सय्यद मोदींचे एकेरीचे कांस्य मी ऐकून आहे, गंधे-डिसांचे आजच ऐकते.

मामा : हीच माझी जुनी फिर्याद आहे, पोरी. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर घे. त्यांनी राष्ट्रीय एकेरी सहा वेळा जिंकली, एवढे लोकांच्या ध्यानात असते; पण पुरुष दुहेरी सहा वेळा आणि मिश्र दुहेरी पाच वेळा, म्हणजे 17 पैकी 11 अजिंक्यपदे त्यांनी कोणाच्या तरी सोबतीने मिळविली, याची नोंद कोणाच्या दप्तरी राहत नाही. मुंबईच्या अमी घिया यांची एकेरीची राष्ट्रीय विजेतेपदे सात, तर महिला दुहेरीची बारा! 1978 साली एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कंवल ठाकूर सिंग यांच्यासह कांस्य मिळविले. त्याच कंवल 1982 मध्ये लेरॉय डिसांबरोबर मिश्र दुहेरीच्या कांस्यपदकाच्या मानकरी झाल्या. आणि तेच डिसा गंधे यांचे जोडीदार. एका नावाचा धागा ओढला की दुसरे नाव आपसूक वर येते. तू ज्या वसाहतीत उभी आहेस तिचेच पाहा : 1949 साली ही उभी करणारे दारा खुरोडी यांना 1963 चा मॅगसेसे पुरस्कार व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत विभागून मिळाला होता. तिघांपैकी किती नावे तुला ठाऊक होती?

भाची : एकच, कुरियन यांचे. पण मामा, गंधे-डिसांनंतर आशियाई स्पर्धेत दुहेरीचे पदक कधी आले?

मामा : 41 वर्षांनी. 2023 च्या ऑक्टोबरात हांगचौ येथे सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी यांनी कोरियाच्या जोडीला अंतिम सामन्यात 21-18, 21-16 असे नमवून सुवर्ण आणले. चिराग मूळचा उदय पवार यांच्या हाताखाली घडलेला. पवार स्वतः त्या जुन्या पिढीतले आंतरराष्ट्रीय खेळाडू. एवढ्या प्रदीर्घ खंडाचे कारण माझ्या मते एकच : गुणी मुलगा दिसला की त्याला एकेरीकडे वळवावयाचे, आणि तेथे ज्याचे जमले नाही त्याने दुहेरी खेळावी, हा आपला वर्षानुवर्षांचा रिवाज. दुहेरीसाठी स्वतंत्र गुरू नेमावा, हेच फार उशिरा सुचले. तान किम हर या मलेशियन प्रशिक्षकाने सात्विक आणि चिराग यांना एकत्र आणले, तेव्हा दोघेही मागून जोरकस फटके मारणारे, पुढे जाळीपाशी जाण्यास कोणीच राजी नाही! ती जागा त्यांनी नव्याने शिकून घेतली. पुढे त्यांना शिकविले ते मॅथियस बो यांनी, जे स्वतः दुहेरीतून निवृत्त झालेले, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील रौप्यपदकाचे मानकरी.

भाची : आणि गंधे यांच्या वाट्याला काय आले?

मामा : 2020 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या पदकानंतर 38 वर्षांनी. त्या दिवशी मी घरात एकटाच होतो, आणि फार दिवसांनी एखाद्या आप्ताची खुशाली कळावी तसे मला झाले.

एवढ्यात मुलांचा डाव संपला. उंच मुलगा हिरमुसला होऊन दोरी सोडावयास निघाला, तेव्हा मामांनी त्याला हाक मारून दोन रॅकेटी उसन्या मागितल्या.

भाची : मामा, तुमचा गुडघा!

मामा : गुडघ्यासाठीच तर तू बरोबर हवीस. उजवीकडे उभी राहा. मधले शटल माझे.