पाकिटावरचा फॉस्फरस आणि पिल्लाच्या अंगी लागणारा फॉस्फरस

पशुखाद्याचं दुकान टाकायचंय, किंवा स्वतः खाद्य बनवून कोंबड्या पाळायच्यात, त्यांच्यासाठी आजचा धडा. व्हिडिओत हिशोब घाईत झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घ्या.

आधी माझी चूक. दुकान सुरू केलं त्या वर्षी एक ब्रॉयलरवाला आला. मका घरचा, सोयापेंड माझ्याकडून घेणार. "दादा, डीसीपी किती टाकू?" मी तक्ता बघितला, कॅल्क्युलेटर दाबला आणि सांगितलं, "क्विंटलला अर्धा किलो बास." पंधरा दिवसांनी त्याचा फोन. पिल्लं पायावर उभी राहत नव्हती, चोच दाबली तर रबरासारखी वाकत होती. रोग नव्हता, माझा हिशोब चुकला होता.

कसा ते बघा. १०० किलो खाद्यात ६० किलो मका आणि ३० किलो सोयापेंड धरा. मक्यात फॉस्फरस साधारण ०.२८ टक्के, म्हणजे १६८ ग्रॅम. पेंडीत साधारण ०.६५ टक्के, म्हणजे १९५ ग्रॅम. बेरीज ३६३. लहान ब्रॉयलर पिल्लाला क्विंटलमागे ४५० ग्रॅम लागतो. तूट ८७ ग्रॅम. डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस, म्हणून अर्धा किलो. कागदावर बरोबर!

पण दाण्यातला आणि पेंडीतला जवळजवळ दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो. ती गाठ सोडवणारं एन्झाइम, फायटेज, कोंबडीच्या पोटात पुरेसं नसतं. त्यामुळे ३६३ पैकी अंगी लागतो जेमतेम १२० ग्रॅम, बाकीचा विष्ठेतून बाहेर. आणि ४५० हा आकडा अंगी लागणाऱ्या फॉस्फरसचा आहे! खरी तूट ३३० ग्रॅमची, म्हणजे डीसीपी सव्वाअठराशे ग्रॅमच्या आसपास. मी दिला होता अर्धा किलो. त्याचं नुकसान मी काही हप्त्यांत भरून दिलं, पण तो परत दुकानात यायला दीड वर्ष लागलं.

भाताचा कोंडा घेतानाही हेच लक्षात ठेवा. त्यात फॉस्फरस भरपूर दिसतो, पण बहुतेक बांधलेलाच.

आता फायटेज पावडर बाजारात मिळते. ती घातली तर डीसीपी कमी करता येतो. किती कमी, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. पेलेट बनवत असाल तर उष्णता सोसणारीच मागा, साधी पावडर वाफेत मरते. आणि चुनखडी स्वस्त आहे म्हणून हात सैल सोडू नका. जास्तीचं कॅल्शियम फायटेटला आणखी घट्ट धरतं. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं, ब्रॉयलर पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास. एकाचं खाद्य दुसऱ्याला विकू नका.

गायी-म्हशींचं गणित वेगळं. त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणूच फायटेज बनवतात. गोठेवाल्याच्या गळ्यात फायटेजचं पाकीट मारू नका, एकदा कळलं की तो तुमच्याकडून ढेपही घेणार नाही.

आता मिनरल मिक्श्चर. इथे खरेदीत फसगत होते. कॉपर ऑक्साइडमध्ये तांबं ८० टक्क्यांच्या घरात, मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, फक्त २५. किलोला तांबं किती, असं बघितलं तर ऑक्साइड तिप्पट फायद्याचं वाटतं. पण कोंबडीला त्यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. लोखंडाचंही तसंच: आयर्न ऑक्साइडने पावडर मस्त लालसर दिसते, अंगी लागतं ते फेरस सल्फेट. गिऱ्हाईक रंगावर भुलतं. सुरुवातीला मीही भुललो होतो.

बी.बी.ए.ला कॉस्टिंगमध्ये किलोचा भाव काढायला शिकवलं. इथे भाव काढायचा तो अंगी लागणाऱ्या ग्रॅमचा. एजंट आला की आधी विचारा, "टक्के राहू द्या, तांबं, जस्त, लोह कुठल्या रूपात आहे?" उत्तर पाकिटावर छापलेलं दाखवता आलं नाही, तर पहिली ऑर्डर एका पोत्याचीसुद्धा देऊ नका.