गंजलेला पत्रा बदलताना : क्षेत्रफळाचा एक पाठ



क्षेत्रफळ शिकवताना आपण फळ्यावर आयत काढतो, लांबी गुणिले रुंदी करतो आणि पुढे जातो. माप चुकलं तर काय बिघडतं, हे मुलांना त्यातून कळत नाही. म्हणून या पाठासाठी एक खरं काम घेऊ : जुन्या ट्रकच्या केबिनमधला, पायाखालचा गंजलेला पत्रा बदलणं. समजा गाडी टाटा ४०७ आहे, १९८६ साली बाजारात आली तेव्हाच्या सुरुवातीच्या काळातली.

आधी गंज समजून घ्या. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज चढतो. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी रबरी मॅटखाली जाऊन बसतं, तिथे ऊन लागत नाही. खालून चाकांनी उडवलेला चिखल चिकटून राहतो. पत्रा दोन्हीकडून ओला! वर्गात एक खिळा कोरडा, एक अर्धा पाण्यात आणि एक तेल लावून ओल्या कापसावर ठेवा. काही दिवसांत मुलं स्वतःच कारण सांगतील.

आता मुलांना विचारा, भोक ३० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद आहे, तर पत्रा केवढा लागेल? सगळे म्हणतील, ६०० चौरस सेंमी. पण भोकाच्या कडेचा पत्राही आतून खाल्लेला असतो. हातोडीने ठोकत बाहेर जायचं, खणखणीत आवाज आला की तिथे खडूची खूण करायची. चारही बाजूंनी ४ सेंमी कापावं लागलं, तर भोक झालं ३८ × २८. नवा पत्रा जुन्यावर २ सेंमी चढवायचा, म्हणजे ४२ × ३२. क्षेत्रफळ १३४४ चौरस सेंमी, दुपटीहून जास्त. माप भोकाचं घ्यायचं नसतं, चांगल्या पत्र्यापासून घ्यायचं असतं. वरून लांबी भरून रंग मारला की तळ नवा दिसतो, पण त्यावर ड्रायव्हरची सीट कसलेली असेल तर हा खेळ जिवाशी आहे.

पत्रा थेट कापत नाहीत. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून बघतात. साधारण १.२ मिमी जाडीचा, म्हणजे १८ गेजचा पत्रा चालतो. जुन्या तळात उठवलेल्या पट्ट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. कागदाची घडी घालून दोन पुस्तकांवर ठेवा, सपाट कागदाशी तुलना करा, म्हणजे त्यांचं काम दिसेल. म्हणून नव्या पत्र्यालाही त्या हव्यात.

हे सगळं डोक्यात ठेवून काम करणाऱ्या माणसाचं नाव घेऊन आपण मुलांना भीती घालतो, ‘अभ्यास नाही केलास तर गॅरेजात जाशील.’ वर्गात एखाद्या पत्राकाम करणाऱ्याचं मूल बसलेलं असतं, ते ऐकत असतं. त्यांच्या घरचं माणूस वर्गात बोलवा, पुठ्ठ्याचा नमुना त्यांनाच करून दाखवू द्या.

जोडणीकडे येऊ. कापण्याआधी सीट, मॅट काढायची, बॅटरी सोडवायची, खालून जाणारे डिझेलचे आणि ब्रेकचे पाइप, वायरी बाजूला घ्यायच्या. तळ मोठा कापायचा असेल तर केबिनला आतून आधार द्यायचा, नाहीतर दार नंतर नीट लागत नाही. मग वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. इथे एक टाका, समोर एक टाका, जसे चाकाचे नट समोरासमोर आवळतात. उष्णतेने लोखंड प्रसरण पावतं, थंड होताना आकसतं आणि एकाच जागी तापवलं तर पत्रा वाकतो. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागचं जस्त आधी घासून काढायचं, त्याचा धूर वाईट. शेवटी सांध्यात सीलंट, वरून-खालून प्रायमर आणि रंग. नाहीतर त्या २ सेंमीच्या फटीत पाणी शिरून गंज पुन्हा सुरू.

वेल्डिंगची ठिणगी मुलांना उघड्या डोळ्यांनी अजिबात पाहू देऊ नका. शाळेत पुठ्ठ्यावरच थांबा. जुन्या खोक्याला वेडंवाकडं भोक पाडून द्या, कडेची ‘कुजकी’ जागा रंगाने दाखवा आणि ठिगळ कापायला लावा. पुठ्ठा एकदाच मिळेल, हे आधी सांगून ठेवा.